खडकसांगवीची मूळ संख्या

खडकसांगवीला नदी नाही, किल्ला नाही, नाव घ्यावं असा एखादा खाद्यपदार्थही नाही. पण स्वतःची मूळ संख्या आहे. चांगली बारा हजार अंकी. गावात शिरताना लागणाऱ्या कमानीवर तिचे पहिले चाळीस अंक रंगवलेले आहेत आणि पुढे तीन टिंबं. परगावचा माणूस तो कुणाचा तरी फोन नंबर समजून गाडी थांबवतो. मग गावातलं कुणीतरी त्याला अभिमानानं सगळं समजावून सांगतं. समजावणाऱ्याला स्वतःला ते समजलेलं असतंच असं नाही.

ही संख्या शोधली प्राध्यापक दिगंबर हसबनीस यांनी. तालुक्याच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढं संख्या सापडली आणि शाल मिळाली. त्यानंतर शाली येतच राहिल्या. शेवटी सुलभाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांच्या उशा शिवायला घेतल्या.

यंदा संख्येचा तिसरा वर्धापनदिन होता. नगरविकास मंडळाचे अध्यक्ष मनोहर कुलथे यांनी सरांना व्याख्यानाचा विषय दिला होता: ‘आपल्या संख्येचे गुण’. कुलथे म्हणजे सरांचे कॉलेजपासूनचे मित्र. दोघं एमएस्सीला एकाच बाकावर. सर पहिले आले आणि प्राध्यापक झाले. कुलथे दुसरे आले आणि वडिलांच्या सराफी पेढीवर जाऊन बसले. रोज सकाळचा चहा मात्र दोघांचा एकत्र, आजतागायत.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सर टेबलाशी बसले होते आणि त्यांची पंचाईत झाली होती. मूळ संख्येचे गुण सांगणं म्हणजे लग्नाच्या मुलाची निर्व्यसनी म्हणून शिफारस करण्यासारखं. तो काय करत नाही तेवढंच सांगता येतं. हिला दोननं भाग जात नाही, तीननं जात नाही, कशानंच जात नाही. संपले गुण. बोलायचं होतं तासभर.

“काहीतरी रंगतदार सांगा हो,” सुलभाताई आतून म्हणाल्या. “मागच्या वर्षी आमदार झोपले होते.”

“झोपले नव्हते. डोळे मिटून ऐकत होते.”

“घोरत ऐकत होते.”

सरांनी मग ही संख्या काय काय नाही याची उजळणी सुरू केली. ती वर्ग नाही. घन नाही. त्रिकोणी नाही. त्रिकोणी संख्या म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी: वरच्या ओळीत एक ठिपका, खाली दोन, त्याखाली तीन. एक, तीन, सहा, दहा, पंधरा. तीन सोडली तर कुठलीही त्रिकोणी संख्या मूळ असू शकत नाही, तिचे आपोआप दोन तुकडे पडतात. हे नववीतल्या पोरालाही सिद्ध करता येतं. म्हणजे तपासायची गरजच नव्हती. पण तपासल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं नाही, ही सरांची जुनी खोड.

तपासायची युक्ती सोपी असते. संख्येला आठनं गुणायचं, एक मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचं. मूळ नेमकं आलं तर संख्या त्रिकोणी. दहा घ्या: ऐंशी आणि एक एक्याऐंशी, मूळ नऊ. सरांनी बारा हजार अंक संगणकात भरले, गुणलं, मिळवलं, आणि दशांश चिन्हापुढं कसा गोंधळ उडतो ते बघायला चष्मा सारखा केला.

मूळ नेमकं आलं. बाकी शून्य.

सरांनी पुन्हा केलं. मग संख्याच चुकीची भरली असेल म्हणून मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नव्यानं उतरवून घेतली आणि तिसऱ्यांदा केलं. मग त्या मुळात एक मिळवून चारनं भागलं, आणि खडकसांगवीची अभेद्य मूळ संख्या दोन तुकडे होऊन टेबलावर पडली. एक तुकडा सहा हजार अंकी, दुसरा त्याच्या दुपटीत एक कमी. दोन्ही एकमेकांशी गुणून बघितले. अंकन्‌अंक जुळला.

“चहा टाकू का?” सुलभाताईंनी विचारलं.

“टाक,” सर म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्यांना नवल वाटलं.

या संख्येवर गावाचं काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. क्वांटम यंत्रं भाड्यानं मिळायला लागली आणि जुनी सगळी गुप्त कुलपं पटापट उघडली, तेव्हापासून प्रत्येक गावानं आपापली मोठी मूळ संख्या बाळगायची असा नियम झाला. यंत्रांना छोटे आकडे पेलतात, बारा हजार अंकी मूळ संख्या पेलत नाही. तिच्या जोरावर प्रत्येक मत कुलूपबंद होतं आणि मतदाराच्या नावासकट जाहीर होतं. घोटाळा नको म्हणून कुलूपबंद मतांची प्रत घरोघरी असते. मोजणी कुलूपबंद मतांचीच होते, आणि बेरीज तेवढी उघडते. तीही पाच वेगवेगळ्या गटांच्या विश्वस्तांनी आपापल्या किल्ल्या एकत्र आणल्या तर. हे पाच जण वर्षातून एवढ्या एकाच कामासाठी एकत्र येतात आणि चहा न घेता जातात.

पद्धत इतकी सोयीची की गाव सगळंच मताला टाकायला लागलं. अध्यक्ष कोण, स्मशान कुठं, स्पीकर किती वाजता बंद, देशमुखांच्या घटस्फोटित मुलीला शाळेत नोकरी द्यायची की नाही. लोक तोंडानं एक बोलत आणि मत दुसरंच देत, आणि गावात शांतता नांदत होती. ती सगळी शांतता आता सरांच्या टेबलावर दोन तुकड्यांत पडली होती. सहा हजार अंक कुठल्याही भाड्याच्या यंत्राला पेलतात.

पण ही संख्या तर परीक्षेत उतरली होती! एवढ्या मोठ्या संख्येचे घटक शोधत बसणं शक्य नसतं, म्हणून तिला साक्षीदारांपुढं उभं करतात. कुठलाही एक आकडा साक्षीदार म्हणून घ्यायचा आणि ठरलेलं गणित करायचं. संख्या लबाड असेल तर चारांतला एखादाच साक्षीदार फसतो. अकरा साक्षीदार घेतले तर सगळे फसण्याची शक्यता बेचाळीस लाखांत एक. अट एवढीच की साक्षीदार आयत्या वेळी, चिठ्ठी उचलून ठरवायचे.

आणि इथंच खडकसांगवी खडकसांगवीसारखी वागली होती.

परीक्षेचा सोहळा करायचं ठरलं. सोहळा म्हटल्यावर पाहुणे आले. अकरा साक्षीदार, म्हणून अकरा पाहुणे. प्रत्येकानं एक आकडा द्यायचा. आमदारांनी गाडीचा क्रमांक दिला, कारखान्याच्या चेअरमननी जन्मसाल, वाचनालयाच्या बाईंनी आवडत्या पुस्तकाचा दाखल क्रमांक. आणि हे सगळे आकडे निमंत्रणपत्रिकेत, नावापुढं, सोनेरी शाईत छापले गेले. सरांनी तेव्हा हरकत घेतली होती. “आकडे आधी फोडायचे नसतात,” ते म्हणाले होते. “संख्या अजून सापडायचीय!”

“पत्रिकेत आकडा नसेल तर साहेब येणार नाहीत,” समितीनं सांगितलं.

आणि कुलथे हसून म्हणाले होते, “छापू दे रे दिग्या. साक्षीदाराचं नाव आधी कळलं म्हणून खरी संख्या खोटी होते काय?”

सरांनी मग हरकत मागं घेतली होती. पत्रिका सुरेख झाली होती आणि त्यात त्यांचं नाव सर्वांत मोठं होतं.

संख्या शोधायचा प्रोग्राम सरांचा होता. यंत्र कुलथ्यांचं, पेढीच्या मागच्या खोलीतलं. पत्रिका वाटून झाल्यावर एका सकाळी कुलथ्यांचाच फोन आला होता: “दिग्या, सापडली! तुझी संख्या सापडली!” सर तेव्हा रडले होते.

चहा समोर येऊन निवला. सरांनी भाड्याचं यंत्र जोडून घेतलं आणि प्रामाणिक माणूस म्हणून ठरवलं की एकच मत उघडायचं. यादीत स्वतःच्या नावाखाली ‘हसबनीस सुलभा’ होतं. त्यावरून त्यांनी नजर काढून घेतली. निदान एक गोष्ट तरी खरी निघावी म्हणून त्यांनी ‘कुलथे मनोहर’ उघडलं. ठराव गेल्या वर्षीचा: नव्या सभागृहाला प्रा. हसबनीस यांचं नाव द्यावं. ठराव मांडला होता कुलथ्यांनीच, भर सभेत डोळे पुसत. थोडक्यात पडला होता. त्या दिवशी दोघा मित्रांनी मिळून गावाला शिव्या घातल्या होत्या.

मत उघडलं. विरोधात.

*

पेढीवर गिऱ्हाईक नव्हतं. कुलथे गादीवर बसून काटा पुसत होते.

“ये दिग्या. चहा सांगतो.”

“आठनं गुणलं,” सर म्हणाले.

कुलथ्यांनी फडकं खाली ठेवलं. “एक मिळवलास?”

“मिळवला.”

“तीन वर्षं लावलीस,” कुलथे म्हणाले. “मला वाटलं होतं, पहिल्या दिवाळीतच गुणशील.”

सर गादीच्या कडेला बसले. “म्हणजे तूच.”

“मग काय आमदारांनी केली? अरे, कसोटीचा दगड कुठला ते आधी सांगितलं तर पितळसुद्धा तयारी करून येतं. अकरा आकडे हातात होते. अकराही फसतील अशी दोन तुकड्यांची जोडी शोधायची होती, बस्स. तुझा प्रोग्राम बंद केला आणि माझा लावला.” थांबून ते म्हणाले, “सुरेख झालीय ना?”

“मन्या, लाज वाटत नाही?”

“आधी सांग, सुरेख झालीय की नाही. त्रिकोण मी मुद्दाम ठेवला. दुसऱ्या रीतीनं बनवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण एवढी देखणी वस्तू घडवायची आणि बघायला कुणी नाही? गावात ती बघू शकेल असा एकच माणूस, आणि तो सत्कार घेत हिंडतोय.”

“माझ्या नावावर खपवलीस.”

“तुझ्याच नावावर खपली असती. माझ्या नावावर असती तर तपासली असती.”

सरांनी आवाज चढवला. “सभागृहाच्या ठरावावर रडलास! आणि मत विरोधात?”

“अच्छा. म्हणजे उघडलंस.”

“एकच उघडलं.”

“मीही आधी एकच उघडलं होतं,” कुलथे म्हणाले. “दिग्या, सराफाच्या तोंडावर त्याला कुणी वाईट म्हणत नाही. तोळा त्याच्या हातात असतो. जन्मभर सगळे मला ‘शेठ, शेठ’ करत आले. एकदा बघायचं होतं, खरं आपलं कोण. पहिलं मत तुझं उघडलं. म्हटलं, एवढं एक तरी नक्की आहे.”

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली.

“तिन्ही निवडणुका,” कुलथे म्हणाले. “तिन्ही वेळा माझ्याविरुद्ध उभ्या त्या निंबाळकर बाईला. आणि मतदान करून थेट इथं यायचास, आणि माझ्याच पैशाचा चहा पिऊन ‘मन्या, तूच येणार’ म्हणायचास.”

“तो तत्त्वाचा प्रश्न होता,” सर म्हणाले. “बाईंचा पाण्याचा आराखडा चांगला होता.”

“तत्त्व होतं तर चहा पिताना सांगायचं.”

“आणि म्हणून तू माझं नाव पाडलंस.”

“नाही रे. तुला नाही कळायचं.” कुलथे पुन्हा काटा पुसायला लागले. “खोट्या संख्येसाठी दगडात तुझं नाव कोरायचं? उद्या कुणी आठनं गुणलं असतं म्हणजे? तीन वर्षांत तेवढं एकच मत मी चांगल्या मनानं दिलं.”

“मी उद्या सांगणार आहे सगळ्यांना.”

“सांग. पण संख्या फुटली एवढं कळलं की संध्याकाळपर्यंत सासू सुनेचं मत वाचेल, भाऊ भावाचं. प्रती घरोघर आहेत. देशमुखांच्या पोरीला कोणी कोणी नको म्हटलं ते तिला कळेल. ती रोज त्याच लोकांची मुलं शिकवते. आत्ता निदान मी एकटा वाचतो, आणि कुणाला सांगत नाही. झालंच तर ज्याला जे हवंय ते करून देतो. लोक खूश आहेत.” मग त्यांनी मान वर केली. “वहिनींची मतं सांगू?”

“नको!”

“केवढ्यानं ओरडलास,” कुलथे म्हणाले.

*

घरी सुलभाताई कुर्त्याला इस्त्री करत होत्या.

“तू कुणाला मत देतेस गं?” सरांनी विचारलं.

“गुप्त असतं ना ते?”

“असतं.”

“मग?” त्यांनी कुर्ता उलटा केला. “तुमचा चेहरा असा का झालाय? भाषण नाही झालं वाटतं लिहून.”

सर रात्री झोपले नाहीत म्हणावं, तर सुलभाताईंच्या मते ते झोपले होते. सकाळी मात्र त्यांनी निर्णय घेतला होता. बोलायचं, पण संख्या फुटली कशी ते सांगायचं नाही. आधी सगळ्या प्रती पुसून घ्यायच्या आणि मग बोलायचं.

सभागृह भरलं होतं. ते अजून नुसतंच ‘सभागृह’ होतं. पहिल्या रांगेत आमदार, त्यांच्या शेजारी कुलथे, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून, जावयाच्या घरी आल्यासारखे. दुसऱ्या रांगेत सुलभाताई.

“मित्रहो,” सर म्हणाले, “आपली संख्या त्रिकोणी आहे.”

हे त्यांना म्हणायचं नव्हतं. पण जन्मभर प्रमेय आधी आणि स्पष्टीकरण नंतर, अशीच त्यांना सवय होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमदार जागे झाले आणि उभं राहून म्हणाले, “मूळ तर होतीच, आता त्रिकोणीही निघाली! तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गावाकडं अशी संख्या नाही!” पुन्हा टाळ्या. कुणीतरी कमानीला तिसरा खांब लावायची सूचना केली.

“तसं नव्हे,” सर म्हणाले. “त्रिकोणी आहे म्हणजे मूळ नाही. म्हणजे… आधी एक करा. आपापल्या घरच्या मतांच्या प्रती पुसून टाका. इथंच, फोनवरून. मग मी पुढचं सांगतो.”

सगळ्यांनी फोन काढले. पुसलं कुणीच नाही.

“का पुसायच्या?” मागून आवाज आला.

“कारण ती मतं वाचता येतात. तीन वर्षं कुणीतरी वाचतंय.”

सरांनी कुलथ्यांकडं बघितलं. कुलथे उठले, वळले आणि सभेला हात जोडून म्हणाले, “मी.” आणि बसले.

आता आरडाओरडा होईल म्हणून सरांनी टेबल धरून ठेवलं. पण लोक कुलथ्यांकडं नाही, सरांकडंच बघत होते.

“पुरावा काय?” कारखान्याचे चेअरमन गुरगुरले. “माझ्या जन्मसालानं तपासलेली संख्या आहे ती. अध्यक्ष मोठ्या मनाचे, कुणाचाही आळ अंगावर घेतील. सर, पुरावा नसेल तर गावाची माफी मागा!”

रीत सांगायची नाही असं सरांनी ठरवलेलं होतं. पण आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच भरल्या सभेत कुणी सिद्धता मागितली होती. त्यांनी खडू उचलला. आठनं गुणा, फळ्यावर लिहिलं. एक मिळवा. मूळ काढा. खाली दोन रेघा मारल्या आणि वळले, तेव्हा सभागृहातली प्रत्येक मान फोनवर झुकलेली होती.

कुणानं केलं, हे कुणी विचारलं नाही. का केलं, हेही नाही. एकच प्रश्न आला, वाचनालयाच्या बाईंचा, अगदी नम्र: “सर, घटक मिळाले. आता नावानं शोधायचं कसं?”

सरांनी सांगितलं नाही. शेजारच्यानं सांगितलं.

भाड्याची यंत्रं जलद असतात. आधी एका कोपऱ्यात खुर्ची सरकली. मग एक नवरा उठून वेगळ्या रांगेत जाऊन बसला. देशमुखांची मुलगी फोन पर्समध्ये टाकून, कुणाकडंही न बघता बाहेर गेली आणि तिच्यामागं जायला निघालेले चौघं दारापर्यंत जाऊन थांबले. पण बरेचसे जण, माणसाचा स्वभावच तो, दुसऱ्याचं बघण्याआधी फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचं बघत होते. कुजबुज पुढून मागं गेली आणि मागून पुढं आली.

“तिन्ही वेळा?” कुणीतरी म्हणालं. “जिवलग मित्राला?”

सुलभाताईंनी फोनवरून मान वर केली. “अहो,” त्या म्हणाल्या, आणि सभागृह इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं, “मनोहरभावजींना मत दे म्हणून तुम्हीच मला सांगितलंत. दर वेळी. मी दिलं. तुम्ही नाही दिलंत?”

“बाईंचा पाण्याचा आराखडा…” सरांनी सुरू केलं.

आमदारांना सभेचा वास कळतो. ते माईकपाशी आले. “झालं ते झालं,” ते म्हणाले. “अध्यक्षांनी वाचलं, पण मनात ठेवलं. कुणाचं काही बिघडवलं का? नाही! त्यांच्यावर विश्वास आहे का ते इथंच ठरवू. गुप्तला आता अर्थ नाही. ज्यांचा विश्वास आहे त्यांनी हात वर करा.”

पहिला हात वर जायला वेळ लागला. प्रत्येकानं आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं, मग कुलथ्यांच्या पाठीकडं. त्या पाठीला प्रत्येकाचं सगळं माहीत होतं. चेअरमनांचा हात गेला. मग वाचनालयाच्या बाईंचा. निंबाळकर बाईंचाही, अर्धा. मग एकदम सगळे. सुलभाताईंनी सरांकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हात वर केला. डोळे त्यांच्यावरून न काढता.

सरांचा हात खडूनं पांढरा झाला होता. तो त्यांनी खालीच ठेवला.

कुलथ्यांनी मान वळवून हात मोजले नाहीत. ते फक्त समोर, फळ्यापाशी खाली राहिलेल्या हाताकडं बघत होते. त्यांना हवं होतं ते मत, विरोधातलं का होईना, पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उघडं होतं.